भाषाविज्ञानात पहिली

बारावीनंतर काय करायचं यावरून आमच्या घरी भांडण झालं नाही, कारण ते होण्याआधीच तोडगा निघाला. मी विज्ञानाला जावं असं बाबांना वाटत होतं आणि मला मराठी शिकायचं होतं. नागपूरच्या एका कॉलेजात दोन्ही पदव्या एकत्र देणारा नवा अभ्यासक्रम सुरू झालाय, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं. सकाळी बीएस्सी, दुपारी बीए. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि लगेच हो म्हटलं. त्यांच्या लेखी मी बीएस्सी करणार होते. मराठी म्हणजे भाजीसोबत सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट मिळतो तसं, वरचं.

आमच्या गावी, खाप्याला, बाबांची पिठाची चक्की आहे. आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक घरचा दळणाचा डबा तिथे येतो, त्यामुळे पोरगी सायन्सला गेली ही बातमी सगळ्यांना कळली. मराठीचं कोणाला सांगायची गरज त्यांना वाटली नसावी.

मी नागपूरला लागून असलेल्या बेशाला एका मैत्रिणीसोबत खोली घेऊन राहू लागले. सकाळी प्रयोगशाळेत माझा अंदाज चुकायचा. ब्युरेटच्या नळीतून एकेक थेंब सोडताना बाकीच्यांचं द्रावण फिकट गुलाबी व्हायचं आणि माझं एकदम गडद, म्हणजे थेंब जास्त पडले, पुन्हा पहिल्यापासून. शेजारची मुलं हसून म्हणायची, कवयित्री बाई, घाई कशाची? दुपारी धावतपळत मराठीच्या वर्गात शिरले की माझ्या ओढणीला सडक्या अंड्यासारखा वास येत असे, आणि तिथल्या मुली बाकावर थोड्या सरकून बसत. त्यांच्यासाठी मी सायंटिस्ट होते. चिडवण्यात दुष्टपणा नव्हता, पण मला दोन्हीकडे मान खाली घालूनच बसायची सवय लागली. वर्गात हात वर करायचं मी सोडून दिलं.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी मराठीत कॉलेजात पहिली आले होते. भाषाविज्ञानाच्या पेपरात तर मला सगळ्यात जास्त गुण होते. आणि रसायनशास्त्रात मी नापास होते.

मी बाबांना फोन लावला. आधी चांगलं सांगावं आणि मग वाईट, असं ठरवलं होतं. पलीकडे चक्की चालू होती. मी ओरडून म्हटलं, "बाबा, मी भाषाविज्ञानात पहिली आली." ते इतके खूश झाले, की तेही ओरडूनच कोणाला तरी सांगू लागले. पुढचं बोलायला मी तोंड उघडलं, तोवर फोन बंद झाला होता. परत लावला तर उचलला नाही. पोळ्याला घरी जायचंच आहे, तेव्हा समोर बसून सांगू, असं मी मनाशी म्हटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी खाप्याच्या बसस्टँडवर उतरले आणि समोर माझाच चेहरा दिसला. बारावीच्या ओळखपत्रावरचा फोटो, दारापेक्षाही मोठा केलेला, तेल लावून चप्प बसवलेले केस. वर लिहिलं होतं, विज्ञान शाखेत प्रथम. खाली वॉर्डातल्या पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. माझे काका त्याच फ्लेक्सखाली मोटारसायकल लावून मला घ्यायला उभे होते. सावनेरला त्यांच्या दोस्ताचं दुकान आहे, तिथून त्यांनी तो छापून आणला होता. मला कसं वाटतं ते पाहायला ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला त्या क्षणी खरं काय झालं ते समजलं. चक्कीच्या आवाजात बाबांच्या कानापर्यंत 'भाषा' पोचलीच नव्हती, नुसतं 'विज्ञान' पोचलं होतं.

"छान आहे," मी काकांना म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

घरी आईने पुरणाची डाळ धुऊन ठेवली होती. दोन-तीन शेजारणी येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू त्यांच्या अकरावीतल्या मुलीला घेऊन आल्या. तिला केमिस्ट्री जड जात होती आणि मी सुट्टीभर तिला शिकवावं अशी त्यांची इच्छा होती. मुलीने पुस्तक उघडून एक गणित पुढे केलं. ते मला येत होतं, तरी पेन धरताना माझे कान तापले. ती एकेक पायरी उतरवून घेत होती आणि मला वाटत होतं, आत्ता कोणी तरी दारातून येईल आणि म्हणेल, तिच्याकडून काय शिकून राहिली? काकू जाताना आईला म्हणाल्या, तुमचं नशीब चांगलं. आई हसली. तिचं ते हसणं मला बघवलं नाही.

पोळ्याच्या दिवशी कळलं, की दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठेवलाय. लहान पोरं आपापले लाकडी बैल सजवून आणतात, त्यांना बक्षिसं देतात, त्याच मंचावर. मग मात्र माझ्याने राहवेना. बैलांची मिरवणूक संपल्यावर बाबा चक्की झाडायला गेले, तिथे मी त्यांच्या मागे गेले.

"बाबा, मी केमिस्ट्रीत नापास झाली."

ते झाडणी हातात धरून तसेच उभे राहिले. "पण तू तं पहिली आली म्हनली."

"मराठीत. भाषाविज्ञान म्हनून एक पेपर असते, त्यात."

"भाषाविज्ञान," त्यांनी तो शब्द हळूहळू म्हणून पाहिला. "मंग तवाच काहून नाही सांगतलं वं?"

"सांगूनच राहिली होती. फोन बंद झाला."

चक्कीच्या दगडाभोवतीचं पीठ त्यांनी एका कोपऱ्यात लोटलं, पुन्हा सगळीकडे पसरवलं, पुन्हा लोटलं. मी म्हटलं, उद्या मला ताप आहे असं सांगा, मी येत नाही.

"उद्या ताप सांगू," बाबा म्हणाले, "अन् दिवाळीले काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मंचाजवळ जाऊन बसलो. मी आईलाही सकाळी सांगितलं होतं. ती रडली नाही, रागावली नाही, फक्त नवी साडी नेसायची ठेवली होती ती तिने नेसली नाही. समोर पोरं लाकडी बैलांच्या दोऱ्या धरून ओळीत बसली होती. बैलांच्या शिंगांना फुगे, पाठीवर झूल. सूत्रसंचालकाने माझं कौतुक सुरू केलं, विज्ञान शाखा, गावाचं नाव, आपल्या मातीतली लेक. मग त्याने मला आणि बाबांना वर बोलावलं. शाल पुढे आली तेव्हा बाबांनी हात आडवा केला आणि माइक मागितला. ते मंचावर कधीच बोलले नव्हते. माइक त्यांनी तोंडाच्या फार जवळ धरला, त्यामुळे त्यांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

"माही पोरगी दोन डिग्र्या करून राहिली," ते म्हणाले. "मराठीत ते पहिली आली. केमिस्ट्रीत ते नापास झाली. बॅनरवर चुकीचं छापलं, त्यात तिचा दोष नाही. ऐकण्यात माही चूक झाली. आता शाल द्याची का नाही, ते तुम्ही पाहा."

मी मान वर केली नाही. बाबांच्या चपला आणि माझ्या चपला एवढंच मला दिसत होतं. मग मागून एक पुरुषी आवाज आला, मराठीत तं आपन बी पास होऊ गा, आणि बरेच जण हसले. हसणारे ओळखीचे होते, रोज चक्कीवर येणारे. काका मंचाच्या बाजूला उभे होते, ते मागे वळून चालायला लागले. सूत्रसंचालकाने घाईघाईने शाल माझ्या खांद्यावर टाकली, नारळ बाबांच्या हातात दिला आणि बैलांच्या बक्षिसांची घोषणा सुरू केली. पायऱ्या उतरताना बाबांनी माझा दंड घट्ट धरला होता. आधार ते मला देत होते की स्वतः घेत होते, मला कळलं नाही. नापास झाल्याचं दुःख मी महिनाभर वागवलं होतं, पण आपल्यासाठी हा माणूस चारचौघांत स्वतःचं हसं करून घेतो, याची जी लाज मला त्या पायऱ्यांवर वाटली, तिच्यापुढे ते काहीच नव्हतं.

काकांनी फ्लेक्स त्याच दुपारी उतरवला. ते आमच्याकडे काही दिवस आले नाहीत. आईला बायका काय म्हणाल्या ते तिने मला कधी सांगितलं नाही. चक्कीवर मात्र डबे येतच राहिले, कारण पीठ सगळ्यांनाच लागतं.

हिवाळ्यात आईबाबा पहिल्यांदाच माझं कॉलेज बघायला आले. त्यांना दोन्ही वर्ग बघायचे होते. प्रयोगशाळेत बाबा हात मागे बांधून उभे राहिले, कशालाही शिवले नाहीत. मराठीच्या खोलीत आईने माझ्या बाकावर बसून पाहिलं. परतताना जिन्यात रसायनशास्त्राचे सर भेटले. मी ओळख करून दिली. बाबांनी नमस्कार केला आणि माझ्या वर्गातली मुलं बाजूने जात असतानाच विचारलं, "सर, हे पास होईन ना?"

मला जिन्यातून खाली नाहीसं व्हावंसं वाटलं. सर म्हणाले, होईल, पण तिला वेळ लागेल.

"लागू द्या," बाबा म्हणाले.

त्यानंतर रसायनशास्त्राच्या फेरपरीक्षेत मी काठावर पास झाले. आता शेवटचं वर्ष आहे आणि दोन्ही पदव्या अजून चालू आहेत. खाप्याला गेले की बसस्टँडवर मी अजूनही ओढणी डोक्यावर घेते. काय शिकतेस, असं कोणी विचारलं तर दोन्ही नावं सांगते, पण दुसरं सांगताना माझा आवाज आपोआप खाली जातो. नागपुरात ते दुसरं नाव रसायनशास्त्र असतं आणि खाप्यात मराठी.