शॉकनंतर न विचारलेला प्रश्न

“लघवीचा रंग कसा होता?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

मी भिंतीकडे पाहू लागलो. सुनंदाबरोबर काम करणारी शोभा म्हणाली, “काळी होती मॅडम. दुपारपासून. कोऱ्या चहासारखी.”

घाटकोपरच्या रुग्णालयातील अपघात विभागात, संध्याकाळी सहाच्या सुमारास, हे मला प्रथम समजले. सुनंदा स्ट्रेचरवर होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत सुजून ताठ झाला होता. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : रॅब्डोमायोलिसिस. विजेच्या धक्क्याने स्नायू आतून फुटतात. त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे तुंबवते. बाहेर मात्र फारसे काही दिसत नाही. सुनंदाच्या तळव्यावर रुपयाएवढा डाग होता.

मुलुंडला पॅकिंगच्या एका गाळ्यात मी सुपरवायझर आहे. सत्तरीला आलो. सुनंदा आणि शोभा पाकिटे सील करण्याच्या यंत्रावर काम करीत. यंत्राची अर्थिंगची तार तुटलेली होती, हे नंतर कळले. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता यंत्राच्या दांड्यात वीज उतरली आणि सुनंदाची मूठ त्याला चिकटली. मी कोणालाही तिला हात लावू दिला नाही. धावत जाऊन मेन स्विच बंद केला. मूठ सुटली आणि ती खाली बसली. श्वास, शुद्ध, नाडी, सर्व तपासले. इतकी वर्षे इतरांना हेच शिकवले होते आणि वेळ आली तेव्हा मी ते चोख केले, याचे मला समाधान वाटले. ते समाधान आठवले की आजही अंगावर काटा येतो.

सुनंदाने तर चेष्टा सुरू केली होती. “काका, तोंड कशाला पाडलंय? मेले नाय अजून!”

“चार्जिंग झालं गं तुझं,” शोभा म्हणाली, “आता आठवडाभर उतरायची नाहीस.”

बायका हसल्या. मी मलम लावायला सांगितले आणि तिला बसवून ठेवले. दवाखान्यात पाठवले नाही. दुपारी दोनदा विचारले, “बरे वाटते ना?” दोन्ही वेळा ती म्हणाली, “एकदम झकास.” पाच वाजता तिला बोटे मिटता येईनात.

त्याच संध्याकाळी फॅसिओटॉमी झाली. सुजलेल्या स्नायूंवरचे आवरण चिरून मोकळे करतात. नाही तर रक्त पोचत नाही आणि हात जातो. तिच्या मुलीने, रेश्माने, संमतीपत्रावर सही केली. डॉक्टर म्हणाल्या, “हात वाचवायचा प्रयत्न करतोय. किडनीचं आज काही सांगता येणार नाही.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “सकाळीच का नाही आणलंत?”



दुसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली. तिसऱ्या दिवसापासून डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त गाळणे, सुरू झाले. पलंगाखाली लघवीची पिशवी टांगलेली असे. मी रोज दारात उभा राही आणि तिच्या चेहऱ्याआधी त्या पिशवीकडे पाही. जी गोष्ट बाईमाणसासमोर मला उच्चारता आली नव्हती, तिच्याकडे मी टक लावून बघत होतो. पिशवी रिकामी असे. मिटलेल्या डोळ्यांसमोरही ती येई. एक दिवस तळाशी थोडे तपकिरी पाणी दिसले. बाराव्या दिवशी ते पिवळे होते.

“किडनी काम करायला लागली,” डॉक्टर म्हणाल्या. रेश्मा रडली. मी जिन्यात जाऊन बसलो.

हात वाचला. शेवटच्या दोन बोटांना मात्र स्पर्श कळत नाही.

ती घरी आल्यावर भेटायला गेलो. दुपारीच का सांगितले नाहीस, असे विचारले.

“तुम्हाला काय सांगू, काका? आम्ही मोठ्याने हसलो तरी तुम्ही चष्म्यावरून बघता. लघवी काळी झाली म्हणून तुमच्यासमोर येऊन उभी राहू? शोभी म्हणत होती, सांग. मी म्हटलं, गप गं, नाय सांगत.”

ती हसत होती. मला हसता आले नाही. मेन स्विचपर्यंत मी काही क्षणांत पोचलो होतो. माझ्यापर्यंत यायला तिला अख्खी दुपार पुरली नाही.

त्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे. त्यांनी तो प्रश्न आवाज खाली न आणता, सर्वांसमोर विचारला. ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांना माझे सांगणे एवढेच : विजेचा धक्का बसलेला माणूस हसत असला तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्या. हृदयाचा ईसीजी, रक्त आणि लघवी तपासून घ्या. तो ‘बरा आहे’ म्हणतो तेव्हा तो कोणाला तसे म्हणतो आहे, हेही पाहा.

गेल्या महिन्यात गाळ्यात आणखी एका बाईला शॉक बसला. “काय नाय काका, थोडं झिणझिणलं,” ती म्हणाली. मी सर्वांसमोर विचारले, “लघवीला गेला होतात का? रंग कसा होता?”

सगळे हात थांबले. माझे कान तापले होते, तरी मी नजर वळवली नाही.

“अजून गेलेच नाय, काका,” ती म्हणाली.

“ठीक आहे,” मी म्हणालो, “चपला घाला. आपण निघतो आहोत.”