आमटी तुमची, पातेलं माझं

नम्रता! हा शब्द तेवढा माझ्यासमोर काढू नका. चहा घ्या, खारी घ्या, पण तो शब्द नको. अजून डोकं तापतं माझं. काय म्हणता, झालं तरी काय? बरं, विचारलंच आहे तर ऐका. एवढी फजिती माझी उभ्या जन्मात कुणी केली नव्हती. आणि संताप कशाचा येतो ठाऊक आहे? ती माझी मीच केली!

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. दर उन्हाळ्यात गावात हरिनाम सप्ताह बसतो. रोज कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं की अख्ख्या गावाला आमटी-भाकरीची पंगत. यंदा कीर्तनाला एक बाई बोलावल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. आवाज असा खणखणीत, की भोंगा नसता तरी शिवेपर्यंत पोचला असता. आणि सप्ताहभर विषय एकच, नम्रता.

पहिल्याच कीर्तनात अक्का म्हणाल्या, "पाणी कुठं मुरतं? खालच्या अंगाला. ज्ञानाचं तसंच आहे. जो खाली बसतो, त्याच्याकडं ते वाहत येतं."

झालं! मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई. मला कुणी अभ्यास दिला की मी तो करणारच. नुसता करणार नाही, पहिला नंबर काढणार! दुसऱ्या दिवशी मी पुढची मानाची जागा सोडली आणि मंडपाच्या पार खालच्या टोकाला, चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसले.

बसते न बसते तोच पलीकडं येऊन बसली आमची शालन!

शालन म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. डोक्यावरून पदर, तोंडात सदा 'व्हय ताई', आणि करायचं मात्र स्वतःच्या मनाचंच. मी निदान सतरंजीवर होते. ही बया चपलांच्या पलीकडं, चक्क मातीत!

"अगं, सतरंजीवर ये की," मी म्हटलं.

"असूंद्या ताई. तुमी बसा वर. मला आपली मातीच बरी."

वर! ऐकलंत ना? मला 'वर' म्हणाली! सगळ्या बायकांच्या देखत! त्या दिवशी अक्का काय बोलल्या ते विचाराल तर एक अक्षर सांगता यायचं नाही. माझं सगळं लक्ष मातीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडप झाडायला गेले. शालनच्या हातात केरसुणी आधीच होती. मी दुसरं टोक धरलं.

"दे इकडं, मी झाडते."

"न्हाई ताई. तुमी थोरल्या. तुमी कशाला?"

"थोरली नाही, मी सगळ्यांहून लहान आहे!"

"तुमच्याहून लहान मी हाय!"

"मी जास्त लहान आहे! सोड म्हणते ना!"

केरसुणीची बांधणी सुटली आणि काड्या मंडपभर झाल्या. त्या कुणी झाडायच्या, यावर मग वेगळं भांडण झालं. देवळातला पुजारी हात जोडून म्हणाला, "मावशे, तुमी दोघी बी घरी जा. मी झाडतो."

असा सगळा सप्ताह गेला. अक्का रोज सांगायच्या की शेवटच्या दिवशी याच गावातलं नम्रतेचं एक उदाहरण दाखवीन. मी मनातल्या मनात म्हणायची, दाखवा, दाखवा. एकदा कळू दे गावाला.

आणि काल्याच्या आदल्या दिवशी बबनतात्यांचा फोन आला. बबनतात्या म्हणजे सप्ताहाचे कारभारी. आमच्याकडं रेंजची बोंब, त्यातून तात्या ट्रॅक्टरवर.

"बाई! उद्या अक्का कीर्तनात तुमचं नाव घेनार हायेत बरं का!"

"माझं? माझं कशाला हो तात्या?"

"कशाला म्हंजे? आवो, येवढं मोठं आख्ख्या गावात तुमच्याबिगर कुनाचं हाय?"

काय मोठं? पुढचं ट्रॅक्टरच्या आवाजात गेलं आणि फोन कट झाला. पण एवढं मोठं माणसाचं काय असतं हो? मनच असतं ना! तुम्हाला तरी दुसरं काही सुचलं असतं का? खरं सांगा!

संध्याकाळभर मी आरशासमोर नकार द्यायचा सराव केला. सत्कार घ्यायचा नाही, हे नक्की होतं. लगेच घेतला तर नम्रता कसली? पण नकार असा द्यायचा, की लोकांनी वर्षभर आठवण काढली पाहिजे. 'मी कोण?' म्हणताना उजवा हात छातीवर ठेवायचा की डावा, तेही ठरवून ठेवलं.

काल्याचा दिवस. मंडप गच्च. देवळामागं आमटी रटारटा शिजत होती. वास असा सुटला होता की टाळकरीसुद्धा नाक वर करून टाळ वाजवत होते. मी अर्थात मातीत. शालन येण्याआधीच जागा धरली होती.

दहीहंडी फुटली. अक्कांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाल्या, "एक नाव घ्यायचं राहिलं. विमलबाई कुठं आहेत?"

मी उठले. पदराची माती झटकली नाही, मुद्दाम.

"या विमलबाईंनी आपलं एवढं मोठं..."

"नको अक्का!" मी ओरडलेच. "पाया पडते, माझं कौतुक नको!"

कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. देणाऱ्याचं कधी भलं व्हायचं नाही! मी छातीवर हात ठेवला. "मी कोण? मी पायपुसणं आहे पायपुसणं! माझ्यात कसला आलाय मोठेपणा?"

"बाई, अहो ऐका तरी..."

"नाही अक्का! तुम्ही आग्रह करू नका. देवानं दिलं म्हणून माझ्याकडं आहे. माझ्यापेक्षा लहान या गावात कुणी नाही!"

"बाई!" अक्कांनी त्यांचा तो शिवेपर्यंत जाणारा आवाज लावला. "मी पातेल्याबद्दल बोलत होते."



पातेलं! आमच्या सासऱ्यांच्या काळातलं तांब्याचं पातेलं. लग्नाची आमटी मावेल एवढं. तात्यांची माणसं ते सप्ताहासाठी घेऊन गेली होती, आणि माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं. 'येवढं मोठं' म्हणजे पातेलं!

हसायला सुरुवात पुरुषांच्या बाजूनं झाली. मग बायका, मग टाळकरी. मृदुंगवाला तर मृदुंगावर आडवाच पडला. माझ्या कानातून वाफा निघायला लागल्या. आणि तेवढ्यात शालन उभी राहिली.

"हसायला काय झालं वो?" ती कडाडली. "म्हाताऱ्या मानसाची चूक हुती कदी कदी! लाजा वाटूंद्या!"

म्हातारी! माझ्याहून थोडीशीच लहान आहे ती, आणि मला म्हातारी म्हणते!

अक्का खूश झाल्या. शालनकडं बोट दाखवून म्हणाल्या, "मी उदाहरण दाखवते म्हणाले होते ना? हे बघा. दुसऱ्याची लाज झाकायला जी उभी राहते, ती खरी नम्र."

संपलं! माझं डोकंच फिरलं. मी माईक सतरंजीवर टाकला आणि तरातरा देवळामागं निघाले. लोकांना वाटलं रडायला चालले. छे! मी चुलवणापाशी जाऊन उभी राहिले आणि आचाऱ्याला म्हटलं, "माझं पातेलं द्या."

"आवो बाई, त्यात आमटी हाय!"

"आमटी तुमची, पातेलं माझं! आत्ताच्या आत्ता रिकामं करा!"

बबनतात्या धोतर सावरत धावत आले. "बाई, आख्खं गाव भाकरी घिऊन बसलंय वो! आमटी काय वंजळीत द्यायची का?"

"ओंजळीत द्या, नाहीतर तुमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाढा! मला काय त्याचं?"

आणि मी दोन्ही हातांनी पातेल्याच्या कड्या धरल्या.

धरायच्या नव्हत्या! विस्तवावरच्या कड्या त्या! मी जी किंचाळले, ती मात्र माईकशिवाय शिवेपर्यंत गेली. पातेलं तसूभर हललं नाही. आमटी आपली रटरटत होती.

शालननं मला ओढत नळाखाली नेलं. माझे हात पाण्याखाली धरून ती पुटपुटायला लागली. मला वाटलं, आता समजूत घालणार, उपदेश करणार. मी आधीच ओरडले, "काही बोलू नकोस! तुझा मोठेपणा माहीत आहे मला!"

"कसला डोंबलाचा मोठेपना!" तीही खेकसली. "मातीत बसून बसून कंबर मोडली माजी! तुमी खाली बसल्या म्हनून मी बसले! केरसुनी बी त्याच्यासाटीच धरली! आन् आत्ता उठले ना, ते बी अक्का बगत्यात म्हनूनच उठले! आता झालं समाधान?"

इतकी वर्षं एका भिंतीआड राहिलो, पण शालन माझ्याशी इतकं खरं पहिल्यांदाच बोलली. हातांची आग होत होती, तरी मला हसू फुटलं. तीही फिसकन हसली. मग दोघी मागच्या पायरीवर बसून एका ताटात जेवलो. मला घास धरता येईना, तर भाकरी तिनं कुस्करून दिली. आमटी, काय सांगू, झकास झाली होती. शेवटी पातेलं कुणाचं!

इथंच संपलं असतं तर बरं होतं. पण जेवणं उरकल्यावर अक्का निघायच्या आधी आम्हा बायकांत येऊन बसल्या. माझ्या हाताला हळद लावली आणि हसत म्हणाल्या, "आजचा खरा धडा या पातेल्यानंच दिला. आता खरं सांगा बायांनो, आपल्यात अहंकार आहे असं कुणाकुणाला वाटतं? हात वर करा."

माझे डोळे भरून आले. शपथेवर सांगते, त्या क्षणी मनात काही म्हणजे काही नव्हतं. मी हळद लावलेला हात वर केला. माझा एकटीचाच हात वर. मनाला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

सहज शेजारी बघितलं. शालननं दोन्ही हात वर केले होते.

"ए शालन!" मी अशी ओरडले, की अक्कांच्या हातातली हळदीची वाटी सांडली. "हात खाली घे आधी! या गावात सगळ्यात जास्त अहंकार माझ्यात आहे!"