झाडून काढलेला माळ

इंग्रजी अमदानीत मी सोलापूरला जंगल खात्यात कारकून होतो. साहेब फिरतीवर निघाले की आठ दिवस आधी गावोगाव निरोप धाडायचा, ही माझी हौस. त्या हौसेपायी सांगोल्याकडचा एक माळ मी स्वतःच्या हाताने घालवला.

माळ सरकारी. तो कितपत रानटी राहिला आहे, हे साहेब पाहणार होते. माणसाचा जुना वावर दिसला तर चराई चालू, नाही तर माळ राखीव आणि मेंढरांना कायमचा बंद. हे मला पाठ होते. तरी तिथल्या म्हाताऱ्या धनगराला मी सवयीने एवढेच कळवले, "साहेब येताहेत, जागा नीट ठेवा." पाऊस नसलेले ते साल. त्याच्या मेंढरांना त्या माळाखेरीज कुठेच काडी उरली नव्हती.

आम्ही पोचलो तो माळ झाडून लख्ख. चुलीचे दगड नव्हते. मेंढरे कोंडायचा काटेरी वाडा उचलून ओढ्यापलीकडे टाकलेला. राख खरवडलेली, लेंड्या तरवडाच्या खराट्यांनी झाडलेल्या. मेंढरे टेकडीमागे पिटाळलेली. म्हातारा आपला शेंदरी देवसुद्धा घोंगडीत गुंडाळून काखेत घेऊन उभा होता.

"साहेब, इथं तीन पिढ्या मेंढरं बसतात," मी म्हणालो.

"दाखवा," साहेब म्हणाले.

काय दाखवणार? मेंढरे आणि वाडा माळाच्या हद्दीबाहेर गेलेले, आणि निरोप माझाच होता हे कबूल करायची छाती नव्हती. मी कोट घातलेला, पगारी माणूस, गुडघ्यांवर बसून नखांनी माती उकरू लागलो. बऱ्याच वेळाने एक वाळकी लेंडी सापडली. ती तळहातावर धरून मी साहेबांपुढे नेली.

"हरणाची असेल," ते हसून म्हणाले.

मग त्यांनी सांगितले आणि मी लिहून घेतले : मनुष्यवावराची खूण नाही. अक्षर माझे वळणदार, तेव्हाही बिघडले नाही. त्या अक्षराचा मला आजही संताप येतो.

साहेब घोड्याकडे वळताच म्हातारा हळूच जवळ आला.

"पसंत पडलं न्हवं, रावसायेब? सुना दोन दिस झाडत हुत्या की."

"पडलं," मी म्हणालो.

त्याने देव घोंगडीतून काढला, होता तिथे परत मांडला आणि हात जोडले.

"मग आनतो मेंढरं माघारी," म्हणत तो टेकडीकडे चालू लागला. मी त्याला हाक मारली नाही.