मशीनताईचं सरकारी खंडन

सरकारने अफवांचा बंदोबस्त करायचं मनावर घेतलं, तेव्हा आधी खुर्च्या आल्या, मग 'खंडन कक्ष' अशी पाटी आली आणि सगळ्यात शेवटी काम आलं. ते पडलं एकट्या कारकुनाच्या गळ्यात. मोबाईलवर फिरणारी खोटी चित्रं हुडकायची, त्यांवर लाल अक्षरांत 'खोटे' लिहायचं आणि सरकारी पानावरून लोकांना दाखवायची. माणूस बिचारा सरळ. दिवसभर थापा बघून डोळे चुरचुरायचे, पण कधी कुरकुर नाही.

एका सकाळी समोर आला त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचाच फोटो. ताई घरोघरी जाऊन शिलाई मशीनं दुरुस्त करायची, खांद्याला अवजारांची मोठी पिशवी. सगळे तिला मशीनताईच म्हणत. फोटोखाली कुणा टवाळाने लिहिलं होतं, 'ही बाई पिशवीतून मुलं पळवते.' कारकुनाच्या तोंडचं पाणीच पळालं. लोकांनी दार उघडलं नाही तर ताईने पोट कसं भरायचं? हातातलं सगळं टाकून त्याने खंडन केलं: मधोमध फोटो, त्यावर भलंमोठं 'खोटे'.

साहेबांनी चष्मा पुसला. "मंत्र्यांचा फोटो कुठाय?"

मंत्री वर आले. शेजारी सरकारी चिन्ह आलं. मग साहेबांना घोषवाक्य आठवलं. सगळ्यांना जागा करून देता देता 'खोटे' सरकलं पार खालच्या कोपऱ्यात, शर्टाच्या बटणाएवढं.

"फारच बारीक दिसतंय हो, साहेब."

"ज्याला वाचायचंय तो वाचेल," म्हणत साहेबांनी ते सरकारी पानावर टाकायला लावलं.

झालं! चार गल्ल्यांत लोळणारी अफवा सरकारी खर्चाने शहरभर हिंडली. साहेब तर हरखूनच गेले. "अरे, किती लोकांनी पाहिलं बघ! आपल्या कक्षाचा विक्रम आहे हा!"

इकडे ताईला एकही दार उघडेना. कारकून गयावया करू लागला, "काढून टाका ना ते, साहेब."

"वेडा की काय? खंडन मागे घेतलं तर लोकांना अफवा खरी वाटेल. आणि तसा अर्ज संबंधित व्यक्तीने स्वतः येऊन द्यायचा असतो."

ताई स्वतः आली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मोबाईलकडे, आणि पिशवीच धरली. आरडाओरडा ऐकून कारकून धावत खाली आला. "अरे सोड तिला, माझी बहीण आहे ती! खोटं आहे ते, खाली लिहिलंय बघ!"

"वर मंत्री आहेत की, भाऊ," पहारेकरी म्हणाला. "ते उगाच फोटो देतील का?"

साहेब खाली आले आणि त्यांनी पहारेकऱ्याची पाठ थोपटली. असे जागरूक कर्मचारी हल्ली मिळतात कुठे! अर्ज द्यायची वेळ तेवढ्यात संपली.

कारकून ताईला आपल्या घरी घेऊन आला. त्याची लेक धावत येऊन आत्याच्या मांडीवर बसली. दिवसभरात पहिल्यांदाच ताई हसली.

"आत ये गं, अभ्यास राहिलाय," स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली. पोर हलेना. बायको बाहेर आली, ताईकडे न बघता पोरीला उचलून घेऊन गेली.

कारकुनाचं डोकंच फिरलं. तो मागोमाग आत गेला. "तुला माहीत आहे ना ते खोटं आहे? माझ्या हाताने लिहिलंय मी!"

"माहीत आहे हो," बायको म्हणाली. "पण उगाच कशाला?"

बाहेर ताईला ते सगळं ऐकू गेलं.