शाळेतल्या बाई

मुलांनो, परवा फोनवर मी तुमची नावं उलटसुलट घेतली आणि तुम्ही हसलात, म्हणून हे डोक्यात नीट आहे तोवर लिहून ठेवते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरला भवानी पेठेत माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, माणसं विसरू लागली होती. तिला बघायला मी पुण्याहून गेले, आणि दुसऱ्याच दिवशी तार आली की पुण्यात तुमच्या लहानग्या बाबाला गोवर निघालाय. माझी गाडी चारची होती. माझा भाऊ, दादा, मिलमध्ये गेला तशी अव्वाने दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. पत्र्याखाली उकडत होतं, शेजारचे माग खडखडत होते, सुताच्या खळीचा आंबूस वास खोलीत कोंडला होता. "माझी लेक शाळेतनं आल्याबिगर दार उघडायचं न्हाय," ती म्हणाली. "अव्वा, मीच तुझी लेक." "चेष्टा करता व्हय, बाई? तिला अजून वेणी घालता येत न्हाय की!" तीन वाजले तेव्हा मी म्हटलं, "मी तिच्या शाळेतली बाई आहे. किल्ली द्या, मी तिला घेऊन येते." तिने लगेच किल्ली काढून दिली. "सावलीतनं आणा, ऊन लई हाय." शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून मी तडक स्टेशन गाठलं. अव्वा दिवे लागेपर्यंत दारात उभी होती, कुणाचं ऐकेना, असं दादाने पत्रात कळवलं. ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.