लवळ्याच्या प्रयोगशाळेतला धक्का

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — ते विचारू नका, नाहीतर गप्प बसेन.

लहानपणापासून माझं डोकं फार लवकर फिरतं. भावाचं कपाळ पाटीनं फोडलंय, मेसमध्ये भरलं ताट भिरकावलंय. पण ते सगळ्यांना माहीत आहे. हे नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. लवळ्याच्या टेकडीवर आमची प्रयोगशाळा. मी लातूरचा, दत्ता खालच्या भुकूमचा, शेतकऱ्याघरचा. दोघंही एकाच सरांकडे पीएचडीला. काम असं — शरीरात घालायच्या नळ्यांवर पॉलिमरचे, डोळ्यांना न दिसणारे केस उगवायचे, ब्रशसारखे दाट, म्हणजे रक्त चिकटून गुठळी होत नाही. आधी काचेच्या पट्ट्यांवर करून बघायचं. दत्ताच्या पट्ट्या रक्तातून स्वच्छ निघायच्या. माझ्या? लालभडक. दर वेळी.

त्या दुपारीही तसंच झालं. पट्ट्या धुवायचं कढत ॲसिड घेऊन दत्ता माझ्यापुढून चालला होता. जाता जाता म्हणाला, "तुजा ब्रश टकला निगाला की रं."

गंमतच केली होती त्यानं. एरवी मीही हसलो असतो. पण — मी त्याला मागून ढकललं. दोन्ही हातांनी, जीव खाऊन. हातातलं ॲसिड दिसत नव्हतं का मला? दिसत होतं. चांगलं दिसत होतं.

त्यानं बाह्या सरसावलेल्या होत्या. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली. तो गुरासारखा ओरडत होता, आणि क्षणभर — हे सांगायलाच हवं — मला बरं वाटलं.

लोक धावत आले. मी म्हणालो, पाय घसरला त्याचा. दत्तानं सरांना खरं सांगितलं, पण पाहणारं कुणी नव्हतं, आणि सरांनी माझं ऐकलं.

दवाखान्यातून सुटल्यावर दत्ताचे वडील त्याला घेऊन माझ्या खोलीवर आले. म्हणाले, "पोरा, ह्यो म्हंतोय तू ढकललंस. व्हय का न्हाई? खरं सांग."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी म्हणालो, "नाही, काका."

त्यांनी दत्ताच्या थोबाडीत मारली. अशी, की तो दारावर आपटला आणि हाताच्या बँडेजमधून रक्त आलं. "दुसऱ्याच्या लेकरावर आळ घेतोस? पाया पड त्येच्या."

दत्ता माझ्याकडे बघत राहिला. मग वाकला.

मी अडवलं नाही. पाया पडू दिलं, आणि वर त्याच्या वडिलांना म्हणालो — जाऊ द्या, माझ्या मनात काही नाही.