जावयाला सांगायची गोष्ट

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. थंडीतला रविवार होता. दिल्लीला लागून असलेल्या वैशालीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर उन्हात चटई टाकून बसलो होतो. दिल्लीत मटार स्वस्त झाले की ती मला पिशव्या भरभरून आणायला लावायची आणि सोलून फ्रीजरमध्ये कोंबून ठेवायची. मी सोलता सोलता खात होतो.

"सोलायला बसलात की चरायला?" म्हणाली आणि हातावर चापट मारली.

मुलगी खाली झोपली होती. गुडगावच्या कॉल सेंटरात रात्रपाळी, म्हणून दिवसा झोप. कंपनीची गाडी रात्री न्यायला यायची आणि सकाळी सोडायची. त्या वर्षांत तिकडे काचेच्या इमारती भराभर उठत होत्या आणि इंग्रजी बोलणाऱ्या पोरापोरींना बोलावून बोलावून नोकऱ्या मिळत होत्या. मी सातवी शिकलेला, पाणी खात्यात पंप चालवून रिटायर झालो. मला पोरीचा अभिमान होता. जावयालाही होता, निदान लग्नाच्या पहिल्या वर्षी तरी.

आता ती बॅग घेऊन आमच्याकडे आली होती. जावयाचा फोन येत नव्हता. कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. भांडण असेल, निवेल, असं धरून चाललो होतो.

त्या दुपारी बायकोने सांगितलं. पोरीच्या अंगावरून जात होतं. पातळ, मासळीसारखा वास मारणारं. पोर दिल्लीत वाढलेली, 'अंगावरून जाणं' हे मराठी तिला येतच नव्हतं. तिने अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं, तेव्हा कुठे आईला कळलं. डॉक्टरने तपासून आत जंतू वाढलेत म्हणून गोळ्या दिल्या होत्या. पोरीने घरी जाऊन नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "कुठून आणलंस?" मग रात्रपाळी काढली, गाडीत बरोबर येणारी पोरं काढली, सगळं काढलं.

मी म्हणालो, "मग? तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मलापण झालं होतं हे."

माझा हात थांबला. पोर रांगत होती तेव्हाची गोष्ट, म्हणाली. आम्ही तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरात राहायचो. मी ड्यूटीवर गेल्यावर पोर शेजारणीकडे ठेवून ती बसने दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीण बंगाली होती. हिने रडत तिला विचारलं, "मेरा आदमी बाहर जाता है क्या?"

"माझ्यावर संशय घेतलास?"

"घेतला. ती म्हणाली, ये मुझे कैसे पता, तुम्हारा आदमी है. मग हसली आणि समजावून सांगितलं."

आत चांगले जंतू असतात, वाईटही असतात. चांगले कमी पडले की वाईट माजतात आणि हे होतं. शरीरसंबंधाशी त्याचं काही नातं दिसतं, नवीन माणसाशी संबंध आला तर जास्त होतं. पण गुप्तरोगांत हे मोजत नाहीत. एकाच नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईलाही होतं. आतून साबणाने धुतलं तर आणखी बिघडतं. तेव्हा ही वासाच्या भीतीने रोज तेच करत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तेव्हा तुम्ही जे बोलला असता, तेच आज जावई बोलतोय."

"मी तसला माणूस नाही."

"नसाल," म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

त्या वयात मी कसा होतो ते मला माहीत आहे. दूधवाल्याशी ती दोन शब्द जास्त बोलली तरी माझं डोकं फिरायचं.

"तुम्ही सांगा त्याला," ती म्हणाली. "माझं ऐकणार नाही. आई पोरीचीच बाजू घेणार, म्हणेल."

"मी? जावयाला? हे?"

"लाज वाटते? पंप तुंबला की गटारात उतरायचात, तेव्हा नाही वाटली."

"अगं, ते गटार होतं."

"आणि हे तुमच्या पोरीचं अंग आहे. माझं नाव सांगा, मला झालं होतं म्हणा. मला नाही लाज. आज फोन करा."

"बघू उद्या."

"आज करा."

"उद्या म्हणालो ना!"

ती सोललेले मटार उचलून खाली गेली. संध्याकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याजवळच खाली बसली. अंगाला दरदरून घाम. शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं. पुलाचं काम चालू होतं, गाडी अडकली. मागच्या सीटवर पोरीने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दवाखान्यात डॉक्टरने बघितलं आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हाच मी समजलो.

लोक म्हणतात, हाल न होता गेली. बिल्कुल खरं आहे. पण पोरीची काळजी उरात घेऊन गेली, आणि ती एका फोनने हलकी झाली असती. फोन माझ्या खिशात होता. दुसरं जे मला सोडत नाही, ते तिमारपूरचं. त्या गोळ्या तिने कुठे ठेवल्या असतील? माझ्या समोरच घेतल्या असतील, मी जेवत असेन आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणत असेन.

हल्ली ऐकतो, हा आजार वारंवार परत येत असेल तर काही डॉक्टर नवऱ्यालाही औषध देतात. देऊ देत. दोघांनी औषध घ्यावं. त्यावरून एकाने दुसऱ्याला चोर ठरवावं, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलेलं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जावई आला. घरात माणसं दाटली होती. मी त्याला हाताला धरून जिन्यात नेलं.

"जावईबापू, तुमच्या बायकोने कुठूनही काही आणलेलं नाही. तुमच्या सासूलाही हेच झालं होतं. तिला माझ्याशिवाय दुसरा पुरुष माहीत नव्हता. मीही तुमच्यासारखाच बोललो असतो, म्हणून तिने मला सांगितलंच नाही."

त्याचा चेहरा उतरला. "बाबा, हे आज बोलायचं का?"

"काल बोलायचं होतं. डॉक्टरकडे दोघं जा, तुम्ही स्वतः विचारा. माझं खोटं निघालं तर माझ्या तोंडावर येऊन सांगा."

तो कठड्याला धरून उभा राहिला. मी त्याला तिथेच सोडून आत गेलो. मुलगी आईचे केस विंचरत होती. तिच्या शेजारी बसून हळूच सांगितलं, मी बोललो त्याच्याशी, आईने सांगितलं होतं ते सगळं.

तिने फणी थांबवली नाही. "बाबा, आईला माहीत होतं, तुम्ही बोलणार म्हणून?"

"नाही," मी म्हणालो. "मी तिला उद्या म्हणालो होतो."